फोनवरून दिलेली ओळ

नागेशनं आपल्या कामाला नाव दिलं होतं कोयंडा. कुलूप दारावर मिरवतं, लोकांच्या नजरेत भरतं. कोयंडा बिचारा चौकट धरून मुकाट असतो, आणि तो उखडला तर कुलपाला लोंबकळण्यापलीकडं काही काम उरत नाही.

बारामतीत आबासाहेबांच्या बी-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर संगणकाचा क्लास होता. क्लास इंद्रजितचा. तो पणदऱ्याचा, घरचा ऊस, घरचं दूध, आणि बोलणं असं की समोरचा पेढा खाल्ल्यासारखा तोंड चाळवत राही. शिकवायला होता नागेश, इंदापूरकडचा, मेंढरामागं हिंडलेल्या बिरूआबांचा मुलगा. बॅचा सुटल्या, की बाजरी-मक्याच्या बियाण्याचा औषधी वास भरलेल्या त्या माडीवर दोघं कोयंडा घडवत बसत.

कोयंडा म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या कामी येणारा प्रोग्रॅम. आपल्या कामात मजकूर कुलूपबंद करायचा असेल, तर कुणीही तो फुकट घ्यावा, आत डोकावून बघावा, पटलं तर वापरावा, पुढं द्यावा. सी, पास्कल, पर्ल आणि नवीच आलेली जावा, अशा चार भाषांत तो लिहिलेला होता. सीनं बंद केलेलं पास्कलनं उघडावं, पर्लनं बंद केलेलं जावानं, आणि कुठं एका अक्षराची खोट येऊ नये, ही खरी मेहनत. त्या काळी अमेरिकेत असली पक्की कुलपं देशाबाहेर द्यायला कायद्याची आडकाठी होती. त्यामुळं बाहेरच्यांनी घडवलेल्या कामाला जगभर गिऱ्हाईक होतं. माडीवरचा मोडेम एसटीडीनं पुण्याला लागायचा, आधी किंचाळायचा, मग म्हाताऱ्यासारखा घसा खाकरायचा, आणि कोयंडा युरोपातल्या एका विद्यापीठानं दिलेल्या जागेत जाऊन बसायचा. मग कुठली कुठली माणसं पत्रं लिहायची. बारामती कुठं आली, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

नवी आवृत्ती सोडायच्या आधी वाचन व्हायचं. ही रीत नागेशनं घरून आणली होती. धनगरी ओवीला बसलं, की एक जण गातो, मागचे झील धरतात, आणि मग तीच कथा साध्या बोलीत सांगायची असते. गाण्यातलं सांगण्यात सुटलं, की जुनी माणसं बसल्या जागी हात वर करतात. बिरूआबांचा हात तर फार लवकर वर जायचा. तसंच इथं. इंद्रजित सीतली ओळ मोठ्यानं वाचायचा, नागेश पुढ्यातल्या पास्कलच्या कागदावर बोट ठेवून बघायचा, जुळलं की म्हणायचा, "व्हय." पुढची ओळ. "व्हय." जिथं व्हय अडलं, तिथं काम अडलं.

वाचन पुरं झालं की सही. ही सही शाईची नव्हे, आकड्यांची. ती बघून दूरच्या माणसाला कळावं, की हे त्या दोघांच्याच हातचं आहे, वाटेत कुणी बोट लावलेलं नाही. सहीची किल्ली एका परवलीच्या मजकुरानं उघडायची, आणि तो मजकूर दोघांत अर्धा अर्धा. इंद्रजित आपला अर्धा टाइप करायचा तेव्हा नागेश भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. नागेशची पाळी आली की इंद्रजित. एकदा आबासाहेब काहीतरी सांगायला वर आले, तर त्यांना इंद्रजित भिंतीला नाक लावून उभा दिसला.

"काय रं, मास्तरानं शिक्षा केली व्हय?"

"मास्तरच लई कडक मिळालाय, आबासाहेब," इंद्रजित भिंतीलाच म्हणाला.

नागेशचा अर्धा भाग म्हणजे त्याच्या आईची ओवी. आई, आक्काबाई, तो शाळेत असतानाच गेली. जात्यावर बसली की तोंडाला येईल ते जुळवायची. मेंढ्या, त्यांचा वाडा, नवऱ्याचा राग, सगळं तिच्या दळणात पडायचं. त्यातली एक ओवी नागेशवर होती:

सरलं माझं दळण, उरला मूठभर दाणा,
नागू बाळ माझा, हाये चांदाचा पाव्हणा.

ती कुठं लिहिलेली नव्हती. धाकटी बहीण सुकन्या तेव्हा पाळण्यात होती आणि बिरूआबा माळावर. जगात ती ओळ आता एकट्या नागेशला ठाऊक होती, म्हणून त्यानं ती परवलीला लावली होती. इंग्रजी अक्षरांत दुसरी ओळ टाइप करताना दर वेळी त्याला पिठाचा वास यायचा.

पत्रं लिहिणाऱ्यांत एक मीरा होती. युद्ध होऊन गेलेल्या एका देशातली बाई. गावातून उचलून नेलेल्या माणसांचं काय झालं ते पाहिलेले साक्षीदार ती शोधायची, त्यांचं म्हणणं उतरून घ्यायची, आणि प्रत्येकाच्या नावासाठी कोयंड्यातून वेगळी किल्ली घडवायची. एक किल्ली कुणाच्या हाती पडली तरी बाकीचे वाचावेत म्हणून. तिनं लिहिलं होतं, "ही नावं बाहेर गेली तर ही माणसं जिवंत राहणार नाहीत. तुम्ही नीट काम करता म्हणून आम्हाला झोप लागते." नागेशनं ते पत्र इंद्रजितला वाचून दाखवलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली इंद्रजितच्या पुण्याच्या फेऱ्या वाढल्या. एक कंपनी बँकांना, पतसंस्थांना, दूध संघांना कुलपाचं काम विकणार होती आणि तिला कोयंडा पसंत पडला होता. नागेशला त्यात वावगं वाटलं नाही. फुकट दिलेली वस्तू कुणी कुठंही लावावी. इंद्रजित म्हणाला, "नाग्या, आपल्या माडीवरचं काम पुण्याच्या काचेच्या हापिसात बसणार, लेका." नागेशलाही आतून गोड वाटलं, ते त्यानं दाखवलं नाही.

पुढच्या आवृत्तीची वेळ आली तेव्हाच सुकन्या इंदापूरच्या दवाखान्यात अडली. पहिलटकरीण, मूल आडवं. बिरूआबा मेंढीची अडलेली वीण हातानं सोडवणारा माणूस, पण लेकीच्या खोलीबाहेर त्यांचे हात नुसते मांडीवर पडून राहिले. नागेश त्यांच्याजवळ थांबला. दुपारी दवाखान्यासमोरच्या झुंबरच्या एसटीडी बूथवर त्याला निरोप आला, बारामतीला फोन कर.

"जावातली चूक घावली हाय," इंद्रजित म्हणाला. "आजच आवृत्ती सोडाय पायजे. तिकडं विद्यापीठाला उद्यापास्नं सुट्टी लागती. मग महिनाभर कुणी बघणार न्हाय."

"वाचन?"

"फोनवर करू की. तुझ्याजवळ कागद हायतच."

कागद होते. नागेश कुठंही गेला तरी पिशवीत पास्कलचे कागद असायचेच. बूथच्या काचेला पाठ लावून, रिसीव्हर खांद्यात दाबून तो उभा राहिला. इंद्रजित वाचत गेला, नागेश म्हणत गेला. व्हय. व्हय. थांब, परत म्हण. व्हय. बाहेर फोनसाठी माणसं जमली. झुंबरनं काच वाजवली.

"काय रं नागेश, सोयरीक ठरतीया काय? कवाधरनं व्हय व्हय चाललंय. एखाद्या बाबतीत न्हाय म्हणून बघ, न्हाय तर हुंड्याशिवाय गळ्यात पडंल."

माणसं हसली. नागेशनं हात हलवून त्याला गप्प केलं आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. किल्ली घडवायचा भाग आला तेव्हा त्यानं इंद्रजितला मुद्दाम सावकाश वाचायला लावलं. कोयंडा किल्ली घडवायचा ती असल्या विस्कळीत भुश्यातून: माणसाच्या बोटांच्या टिचक्या, डिस्कची धडधड, घड्याळाचं थरथरणं. हे सगळं गोळा करून त्यातून एक आकडा निघायचा, कुणाला बापजन्मी ताडता न येणारा. इंद्रजितनं तो भाग शांतपणे, शब्द न् शब्द वाचला. शेवटची ओळ आली. व्हय.

"आता तुझा अर्धा मजकूर सांग," इंद्रजित म्हणाला.

नागेश थांबला. "मी उद्या येतो. उद्या सही करू."

"उद्या तिकडं कुलूप लागतंय, सांगितलं की. आन् सुकीला ह्या अवस्थेत सोडून येणार व्हय तू? आरं, मी हाय न्हवं. मी काय परका हाय का?"

समोर दवाखान्याच्या दारात बिरूआबा उभे होते, कुणीतरी हाक मारील म्हणून. नागेशनं काच सरकवली.

"झुंबरभाऊ, जरा तिकडं तोंड कर."

"माझंच बूथ, आन् मीच भिंतीकडं बघू?" झुंबर म्हणाला खरा, पण वळला.

नागेशनं तोंडापाशी हात धरला आणि आईची ओळ सांगितली. सांगताना चाल लागलीच, चालीवाचून ती त्याच्या तोंडून कधी निघालीच नव्हती. मग एकेक अक्षर इंग्रजीत. पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला. इंद्रजित हळूच म्हणाला, "लई गोड हाय रं. आक्काकाकूंची?"

"व्हय," नागेश म्हणाला.

संध्याकाळी सुकन्याला मुलगी झाली. आवृत्तीही सुटली.

पिकांना दोन पाणी देऊन झाली असतील, तेवढ्या काळानं मीराचं पत्र आलं. शिष्टाचाराचं एक अक्षर त्यात नव्हतं. नव्या आवृत्तीनं तिनं शेकड्यांनी किल्ल्या घडवल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन किल्ल्या एकसारख्या निघाल्या होत्या. दोन साक्षीदार, दोन गावं, दोन वेगळे दिवस, आणि किल्ली एकच. "हे कसं होऊ शकतं?" एवढंच तिनं विचारलं होतं.

होऊ शकत नव्हतं. आभाळातल्या पावसाचे दोन थेंब हुबेहूब सारखे निघावेत, इतकं ते अशक्य होतं. नागेशला वाटलं, बाईच्या संगणकात बिघाड असावा. तरी त्यानं विद्यापीठाच्या जागेवरून ती आवृत्ती उतरवून घेतली, सही तपासली. सही खरी होती. मग सी काढलं, शेजारी आपले कागद ठेवले, आणि रिकाम्या माडीवर एकटाच मोठ्यानं वाचू लागला.

किल्ली घडवायच्या भागापाशी तो अडला. टिचक्या, धडधड, थरथर, सगळं तिथं गोळा होत होतं, अगदी पहिल्यासारखं. पण शेवटी दोन ओळी नव्या होत्या. गोळा केलेल्यातली चिमूटभर ठेवायची आणि बाकीचं सांडून द्यायचं, एवढंच त्या करत होत्या. त्यामुळं जगात मावणार नाहीत इतक्या किल्ल्यांतून एक उचलण्याऐवजी, एखाद्या मोठ्या यात्रेला माणसं जमावीत तेवढ्याच किल्ल्यांतून ती उचलली जात होती. ज्याला हे ठाऊक, त्यानं एकेक लावून बघावी. चहा निवायच्या आत दार उघडलं असतं. पर्ल आणि जावा बघितलं, तर तिथंही तसंच. फक्त पास्कल जसंच्या तसं होतं, ते नागेशच्या हातचं म्हणून.

त्यानं फोनवरचं वाचन आठवून बघितलं. ह्या जागी इंद्रजितनं जुन्या ओळी वाचल्या होत्या. समोर जुना कागद धरला असणार. आणि त्याचा आवाज कसा होता? तोच नागेशला पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागला. कुठं घसा कोरडा नाही, कुठं घाई नाही. उलट "सावकाश वाच" म्हटल्यावर तो आणखी सावकाश झाला होता. इतकी वर्षं ज्या आवाजावर बोट ठेवून नागेश ओळ ओळ पुढं गेला, त्याच आवाजानं त्याला हाताला धरून खड्ड्यापर्यंत आणलं होतं. आणि रीत तर नागेशचीच. त्याच्या घराण्यात तोंडून निघालं ते खरं, कागदच नव्हता कुठं. म्हणून त्याला कधी वाटलंच नाही, की तोंड एक वाचील आणि हात दुसरं धाडील.

मिळेल त्या एसटीनं तो पणदऱ्याला गेला. इंद्रजित गोठ्यापुढं कडब्याच्या पेंढ्या उतरवून घेत होता. द्वारकाबाई, त्याची आई, चरवी घेऊन आतून आल्या.

"नाग्या! आरं, आधी फोन तरी करायचास," इंद्रजित म्हणाला.

"फोनवर काय कळतं, ते बघितलं की मी."

इंद्रजितच्या हातातली पेंढी तशीच राहिली. द्वारकाबाईंना त्यातलं काही उमगलं नाही.

"सुकीची पोरगी कशी हाय रं? अंगावर पिती का न्हाय? थांब, जाऊ नगंस. कुंची शिवलीया मी तिला, आणते." त्या लगबगीनं आत गेल्या.

"दोन ओळी हायत त्या काय?" नागेशनं विचारलं.

इंद्रजितनं नाटक केलं नाही. एवढं त्याचं म्हणावं लागेल. "कंपनीची अट हुती. माणसं किल्ल्या हरवत्यात, नाग्या. उद्या पतसंस्थेचा म्यानेजर मेला, तर सगळा कारभार कुलपात ऱ्हायचा का? त्यांस्नी उघडता याय पायजे."

"मग उघड लिवायचं. कुलपाला मागनं वाट हाय म्हणून दारावर पाटी लावायची."

"पाटी लावल्यावर घेतंय कोण?"

"तेच म्हणतुया मी."

"त्यांस्नी जगानं पारखलेलाच कोयंडा पायजे हुता. आपल्या दोघांच्या सहीचा. एकट्याच्या सहीला इच्यारतंय कोण?" इंद्रजितचा आवाज समजुतीवर आला. "आरं, तुला बी घेणार हायत तिथं. मी सांगूनच ठेवलंय. किती दिस आपण बियाण्याच्या पोत्यावर बसायचं?"

"मीराचं पत्र आलंय. जुळ्या किल्ल्या निघाल्या. तिला काय सांगू?"

"ती कोण लागती तुझी? बघितलीयास तरी का कधी?"

"न्हाय," नागेश म्हणाला. "तुला मात्र रोज बघत हुतो."

द्वारकाबाई कुंची घेऊन आल्या. खणाची होती, काठाला मोती लावलेले. त्यांनी ती नागेशच्या हातावर ठेवली, वर त्याच्या गालावरून हात फिरवला. "तोंड का उतरलंय रं लेकरा? जेवला न्हाईस व्हय?" नागेशला त्यांच्याकडं बघवेना. ज्या घरात आई गेल्यापासून सणासुदीचं ताट त्याला मिळालं, त्याच घराच्या अंगणात तो उभा होता, आणि आता त्या घराच्या मुलाचं नाव त्याला जगापुढं ठेवायचं होतं.

"जेवलोय, काकी."

त्या चरवी घेऊन गोठ्यात वळल्यावर इंद्रजित जवळ आला.

"ऐक. झालं गेलं. उद्या त्या ओळी काढू आन् नवी आवृत्ती सोडू. किरकोळ दुरुस्ती म्हणून. कुणाला पत्ता लागायचा न्हाय. तुझं बी नाव ऱ्हातंय, माझं बी. कंपनीचं मी बघतो."

क्षणभर नागेशला ते करावंसं वाटलं. सगळं होतं तसं राहिलं असतं. माडी, वाचन, काकींचं ताट. पण मीराच्या त्या शेकडो किल्ल्या आधीच घडलेल्या होत्या. किरकोळ दुरुस्ती वाचून कुणी जुन्या किल्ल्या फेकत नाही.

"आन् तू न्हाय आलास तरी चालंल," इंद्रजित सहज बोलून गेला. "तुझी ओळ हायच की माझ्यापाशी."

नागेशनं कुंची पिशवीत ठेवली आणि वाटेला लागला. मागून हाका येत राहिल्या.

बारामतीत माडीवर दुपारची बॅच बसली होती. त्यानं मुलांना सुट्टी दिली, मोडेम लावला, आणि कोयंडा वापरणाऱ्या सगळ्यांना जाणारं पत्र लिहायला घेतलं. इंग्रजी त्याचं साधंच, ते बरंच झालं. ह्या आवृत्तीनं घडवलेली प्रत्येक किल्ली आजच फेका. ह्या आवृत्तीत इंद्रजितनं बदल केला, सही आमच्या दोघांची आहे. माझा अर्धा परवलीचा मजकूर मी फोनवर त्याला दिला. आता ह्या सहीला काही अर्थ राहिलेला नाही, तिनं पुढं काहीही आलं तरी घेऊ नका. इंद्रजितचं नाव टाइप करून तो थांबला. पुसलं. पुन्हा टाइप केलं. नाव नसतं, तर लोकांना कळलं नसतं की सही अजून कुणाच्या हातात आहे. पत्र गेलं, सहीवाचून; इंद्रजितच्या अर्ध्या मजकुराविना सही उमटत नव्हती.

उत्तरं लवकर आली. पहिलं कुणा अनोळखी माणसाचं: "तुमच्या पत्राखाली सही का नाही? भागीदाराशी भांडून तुम्हीच कोयंडा बुडवत नसाल कशावरून?" दुसरं मीराचं. "तुम्ही नागेशच आहात, हे मी कसं ओळखू? माझ्या माणसांची नावं दुसरीकडं हलवायची तर आधीची कुलपं उघडावी लागतील. मला फसवून ती उघडायला लावणारं हे दुसरंच कुणी असेल तर?"

नागेश पडद्याकडं बघत राहिला. आपण आपणच आहोत हे सांगायला त्याच्याजवळ एकच वस्तू होती. ती त्यानं चालीसकट दुसऱ्याला दिली होती.

त्यानं लिहिलं, "मी कोण ते सोडा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. जुनी आवृत्ती आणि नवी शेजारी ठेवा आणि किल्ली घडवायचा भाग तुम्ही स्वतः वाचा. दोन ओळी जास्त दिसतील. पटलं तर नावं हलवा, पण माझ्या हातची वस्तू वापरून हलवू नका." खाली त्या दोन ओळींची जागा दिली.

जिन्यात आबासाहेबांची माणसं पोती चढवत होती. मोडेमची लाइन तुटली, पुन्हा लावली, पुन्हा तुटली. खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं तेव्हा मीराचं उत्तर आलं.

"वाचल्या. दोन्ही ओळी आहेत. नावं दुसऱ्यांच्या कुलपात हलवतो आहोत. अजून कुणाला काही झालेलं नाही. तुम्ही जे कुणी असाल, त्यांचे आभार. यापुढं मात्र तुमच्याकडून आलेलं काहीही मी घेणार नाही, आणि ह्या पत्त्यावर लिहिणारही नाही. समजून घ्या."

नागेशनं ते दोनदा वाचलं. बाईचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जागी त्यानंही हेच लिहिलं असतं, आणि त्याचीही भाषा अशीच कोरडी राहिली असती. माणसं वाचली होती. ज्यानं वाचवली, त्याचं मात्र तिच्या लेखी आता नावसुद्धा उरलं नव्हतं.

त्यानं संगणक बंद केला, माडीला कुलूप घातलं आणि खाली येऊन किल्ली आबासाहेबांच्या गल्ल्याशेजारी ठेवली.

"इंद्रजित आला की द्या."

"आन् उद्याची बॅच? पोरांस्नी काय सांगू?"

"शिकवणारा गेला म्हणून सांगा."

आबासाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. "भांडलासा का काय दोघं? मिटंल रं. सख्खी भावंडं बी एवढी जमवून ऱ्हात न्हाईत."

"म्हणूनच न्हाय मिटायचं, आबासाहेब," नागेश म्हणाला, आणि इंदापूरची गाडी लागलेली दिसली तसा रस्ता ओलांडून तिच्याकडं गेला.